खबर दिली त्याचं काय झालं

टीव्हीवर दहशतवादावर चर्चा सुरू झाली की आमच्या घरातला रिमोट गायब होतो. बायको लपवते. माझं बीपी वाढतं, मी पडद्याशी भांडायला लागतो आणि शेजारचे खिडकीतून डोकावतात, ते तिला आवडत नाही. पण मी तरी काय करू? चार चौकटींत चार माणसं बसलेली असतात. एक म्हणतो, घरात घुसून मारा. दुसरा म्हणतो, कायदा आणखी कडक करा. तिसरा म्हणतो, मानवाधिकारवाल्यांमुळे सगळं अडतं. चौथ्याला कोणी बोलूच देत नाही. यातल्या एकानेही कधी संशयिताच्या घरासमोर पंक्चरच्या दुकानात बसून दिवस काढलेला नसतो. मी काढलेत. सोलापूर शहर पोलिसांच्या गोपनीय शाखेत मी हवालदार म्हणून शिरलो आणि फौजदार होऊन बाहेर पडलो. त्या नोकरीतली एक हकीकत मला सांगायची आहे. सांगताना आवाज चढला तर समजून घ्या.

गोपनीय शाखा म्हटलं की लोकांना वाटतं, काळा चष्मा, कमरेला पिस्तूल, गाड्यांचा पाठलाग. आमच्या शाखेत पाठलाग करायचा तर आधी गाडीला धक्का मारायला लागायचा. खरं काम म्हणजे बसणं. मोर्चाला किती माणसं आली, पासपोर्टचा अर्ज केलेला माणूस सांगितलेल्या पत्त्यावर राहतो का, गणपती आणि मोहरमच्या आधी शांतता समितीच्या बैठकीत कोण रुसलंय, कोण मुद्दाम आलेलं नाही, हे बघायचं. अंगावर गणवेश नसतो. लोकांनी आपणहून तुमच्याशी बोलायला पाहिजे, आणि ते तेव्हाच बोलतात जेव्हा त्यांना खात्री असते की बोलल्यामुळे आपल्यावर काही येणार नाही. एवढंच आमचं शास्त्र. मी कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीचा, त्यामुळे कन्नड घरातूनच आलेली. तेलुगू विडी वळणाऱ्या बायकांच्या गल्लीत फिरून फिरून शिकलो. दखनी, म्हणजे इकडची उर्दू, हमीदभाईंकडून.

गमतीजमती पुष्कळ झाल्या. देशात कुठेही स्फोट झाला की आमच्याकडे बेवारस पिशव्यांची साथ यायची. एकदा एसटी स्टँडवर बाकाखाली एक पिशवी सापडली. सगळा स्टँड रिकामा केला, बॉम्बशोधक पथक आलं, कुत्रं आलं. कुत्रं पिशवी हुंगून शेपूट हलवायला लागलं तेव्हाच मला शंका आली. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. तेवढ्यात अक्कलकोटकडची एक म्हातारी दोरी ओलांडून "नन्न चीला, नन्न चीला!" म्हणत धावली. माझी पिशवी, माझी पिशवी. तिला समजावलं, की आजी, आम्हाला वाटलं यात बॉम्ब आहे. ती म्हणाली, "भाकरी कुटं फुटती व्हय? माणसं हैत का कोन?" दुसरा एक गृहस्थ अकलूजहून खास एसटीने यायचा, जावई अतिरेकी झालाय म्हणून सांगायला. पुरावा काय, तर जावयाने दाढी वाढवली आणि सासऱ्याशी बोलणं सोडलं. चौकशी केली तर जावयाने तिरुपतीला नवस बोललेला होता. सासऱ्याशी न बोलण्याची कारणं वेगळी होती आणि ती आमच्या हद्दीत येत नव्हती.

आता हमीदभाई.

शाळेचे गणवेश शिवायचा त्यांचा लहानसा कारखाना होता. तळमजल्यावर मशिनी, मागे घर, वर एक खोली भाड्याने द्यायची. बायको रजियाभाभी काज-बटण बघायच्या. दोन मुली. एकदा सणाच्या दिवसांत गल्लीत दगड पडायला सुरुवात झाली, तेव्हा हा माणूस गळ्यात टेप अडकवलेली तशीच रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि दोन्ही बाजूंच्या पोरांना त्यांच्या बापांची नावं घेऊन शिव्या घालायला लागला. पोरं पांगली. तेव्हापासून आमची ओळख. खबरी हा शब्द त्यांना लावू नका. खबरी काहीतरी पदरात पडावं म्हणून सांगतो. हमीदभाई मला दखनी शिकवायचे, मी त्यांना मराठी शाळांच्या हेडमास्तरांशी कसं बोलायचं ते सांगायचो, आणि बोलता बोलता मोहल्ल्याची खुशाली कळायची.

गड्ड्याची यात्रा तोंडावर आली होती. सिद्धेश्वरांच्या या यात्रेला होम मैदानावर पाळणे, खेळ, दुकानं लागतात आणि आख्खा जिल्हा लोटतो. त्या दिवसांत आमची झोप उडालेली असते. एका दुपारी हमीदभाई आपल्या पायाने मला शोधत आले. चेहरा उतरलेला.

"मानेसाब, मेरे ऊपर के कमरे में एक किराएदार आया. मच्छरदानियां बेचतूं बोल्या. पन गठ्ठा खोलताच नै. भाडा बराबर देता, बात मीठी करता. पन कारागिरां कू पूछरा था, गड्डे में सबसे जास्ती भीड़ किस वखत रैती."

मी म्हणालो, "धंद्यासाठी विचारत असंल की."

"वोच मैं बी सोच्या. मगर मच्छरदानी वाले कू पाळने के पास की भीड़ से क्या लेना? मेरा शक गलत बी हो सकता, साब. पन कल कू कुछ हुआ तो मैं अपनी बच्चियां कू मुंह कैसा बताऊं?"

हे वाक्य मी विसरलेलो नाही. टीव्हीवरच्या चार चौकटीवाल्यांनी ते पाटीवर लिहून घ्यावं.

मी त्याच संध्याकाळी वरिष्ठांना सांगितलं. आमचे वरिष्ठ शहाणे होते. त्यांनी गडबड केली नाही. समोरच्या पंक्चरच्या दुकानात मला आणि आमच्या एका माणसाला आळीपाळीने बसवलं, किराएदाराचा लांबून फोटो काढला आणि रीतीप्रमाणे तो वर पाठवला. फोटो वर गेला आणि फोनांची रांग लागली. तो चेहरा दुसऱ्या एका राज्याला हवा होता. आमच्या मुख्यालयालाही हवा होता. शेजारच्या कर्नाटकातही तो मध्ये कुठेतरी दिसून गेला होता. म्हणजे हमीदभाईंचा शक बरोबर होता. मला त्या दिवशी अभिमान वाटला होता, तेही सांगतो.

दोन दिवसांत विश्रामगृहावर सगळे जमले. उत्तरेकडच्या त्या राज्याचं पथक आलं. त्यांच्या प्रमुखाला मी इथे वर्मा म्हणतो, खरं नाव ते नाही. कर्नाटकातून एक इन्स्पेक्टर आले, त्यांना हिरेमठ म्हणू. मुंबईहून एक तरुण अधिकारी आला, तो लॅपटॉप उघडूनच बसला. त्याला फोनचे टॉवर दिसत होते, माणसं दिसत नव्हती.

वर्मांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. सरहद्दीकडच्या नेमणुकीत त्यांच्या मागची जीप उडाली होती. ते ओरडून बोलत नव्हते, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. हळू आवाजात म्हणाले, "हम भी रुके थे. ऊपर से कहा गया, देखते रहो, पूरा जाल पकड़ो. हम देखते रहे. फिर मैंने अपने लड़कों को चादरों में घर भेजा. उसके बाद मैं नहीं रुकता."

मग हिरेमठ कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाले, "नोड्री, बघा साहेब, तुमचं दुःख मोठं आहे. पण आमच्याकडं उलटं झालं. आम्ही घाई केली, एक पोरगा धरला, बाकीचे उडून गेले. ते कुठं बसले ते कळायला आम्हाला लई किंमत द्यावी लागली. हा माणूस एकटा नाही. याला भेटायला कोण येतो ते बघा. याच्यावर नजर आहे, मैदान आपलं आहे, यात्रेला अजून वेळ आहे."

दोघंही खरं बोलत होते. प्रत्येकजण आपल्या भागातली मेलेली माणसं बरोबर घेऊन आला होता आणि त्यांच्या वतीने बोलत होता. हे मला आज कळतं. पण दोघांच्या बोलण्यात एक माणूस कुठेच नव्हता. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मी उभा राहिलो.

"साहेब, खबर घरमालकानं दिलीय. तो खाली बायका-पोरांसह राहतो. काय करायचं ते करा, पण त्याला सांभाळून करा."

"ज़रूर, ज़रूर," वर्मा म्हणाले.

ठरलं असं, की काही दिवस नुसती नजर ठेवायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्मांनीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमीदभाईंच्या गल्लीच्या तोंडाशी परराज्याच्या नंबरची जीप उभी होती. जीपमधली माणसं पानटपरीवर उतरून शुद्ध हिंदीत पत्ता विचारत होती. आमच्या गल्लीत शुद्ध हिंदी कोण बोलतं? पंक्चरच्या दुकानातल्या आमच्या माणसाने मला फोन केला, मी वरिष्ठांना केला, वरिष्ठांनी वर्मांना. वर्मांचा फोन बंद. तेवढ्या वेळात किराएदार पाव आणायला म्हणून खाली उतरला. आमचा माणूस त्याच्या मागे निघाला, तर जीपवाल्यांनी संशयित म्हणून आमच्याच माणसाला धरलं! ओळखपत्र दाखवेपर्यंत पाव आणायला निघालेला किराएदार गेला तो गेलाच. गठ्ठा खोलीतच राहिला.

त्यानंतर त्यांनी छापा घातला. गठ्ठ्यात वर मच्छरदाण्या होत्या आणि आत जे असेल अशी भीती होती ते होतं. म्हणजे खबर पक्की होती. फक्त माणूस गेला होता. आणि टीव्हीच्या गाड्या गल्लीत आल्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं, हे मी अनेकांना विचारलं. अजून कोणी सांगितलेलं नाही.

मी धावत पोचलो तेव्हा हमीदभाईंना दोघांनी धरून जिन्यावरून खाली आणलं होतं. टेप गळ्यातच होती. रजियाभाभी दारात उभ्या, हातात अर्धं काज केलेला एक शर्ट. हमीदभाईंना मी दिसलो आणि त्यांचा चेहरा एकदम सुटला, जणू आता सगळं ठीक होणार.

"मानेसाब! बोलो ना इनकू! मैंच तो तुमकू बताया!"

सगळ्या गल्लीने ते ऐकलं. कॅमेऱ्यांनी ऐकलं. मी वर्मांपुढे जाऊन उभा राहिलो. "साहब, खबर इसी ने दी है. कल मैंने आपको बताया था."

वर्मा शांतपणे म्हणाले, "मतलब इसे मालूम था. मालूम था और कमरा दिया."

माणूस रागाने बोलला तर त्याला उत्तर देता येतं. हा राग नव्हता. त्यांना रिकाम्या हाताने परत जायचं नव्हतं आणि समोर एक माणूस होता. मी हमीदभाईंचा दंड धरला. पथकातल्या एकाने माझा हात झटकून काढला. जीप गेली. माझ्या वयाच्या पस्तिशीत हे झालं असतं तर मी त्या माणसाच्या कानाखाली वाजवली असती. निवृत्ती जवळ आलेल्या माणसाचा हात उचलायला जड होतो, पण त्या दिवशी तो उचलला होता. आमच्या वरिष्ठांनी मागून धरला म्हणून राहिला.

संध्याकाळी टीव्हीवर "सोलापूर कनेक्शन". पुढे कित्येक दिवस तेच. गड्डा शांतपणे पार पडला, लोकांनी पाळण्यात बसून शेंगा खाल्ल्या. कोणामुळे, ते कोणाला ठाऊक नव्हतं.

हमीदभाईंना त्या राज्यात नेलं. खटला तिथेच. कायदा असा, की जामीन मिळणं जवळपास अशक्य. तुरुंगात त्यांच्या बोलण्याला सगळे हसायचे. ते होकाराला "हौ" म्हणाले की बरोबरचे कैदी आणि शिपाई नक्कल करायचे. रजियाभाभी वर्षातून एकदा-दोनदा दोन गाड्या बदलून भेटायला जायच्या. पहिल्यांदा जाऊन आल्यावर मला म्हणाल्या, "साब, काच के उधर से उनो एकच बात पूछे. मानेसाब ने बोल्या क्या?"

मी बोललो होतो. वरिष्ठांना लेखी दिलं, त्यांनी पुढे पाठवलं, पुढच्यांनी त्यांच्या पुढे. प्रत्येकाने सहानुभूती दाखवली. शेवटी एक साहेब मला खोलीत बोलावून म्हणाले, "माने, गोपनीय माहितीचा स्रोत कोण, हे आपण न्यायालयात सांगत नाही. तो आपल्या कामाचा धर्म आहे." मी म्हणालो, "साहेब, तो धर्म स्रोताला वाचवायला असतो. त्याला बुडवायला नव्हे." ते म्हणाले, "तुमची निवृत्ती जवळ आलीय. शांत राहा."

आणि मग ती दुपार. मी निवृत्त झालो होतो. घरी जेवत होतो, टीव्ही चालू होता. वर्मांच्याच राज्यातल्या एका बाजारात स्फोट झाला होता. भाजीच्या गाड्या उलट्या पडलेल्या, एक चप्पल, एक रडणारी बाई. मेलेल्यांचा आकडा वाढत होता. दोन दिवसांनी पोलिसांनी संशयिताचा फोटो दाखवला. तेव्हाही मी जेवत होतो, ताटावरून उठलो. तो चेहरा मी पंक्चरच्या दुकानातून किती तास बघितला होता! पाव आणायला गेलेला माणूस.

त्याच आठवड्यात हमीदभाईंचा जामीन पुन्हा फेटाळला गेला. कारण दिलं होतं, स्फोटानंतरची परिस्थिती.

आता सांगा, मी टीव्हीशी भांडू नको तर काय करू? लोक म्हणतात, कडक वागलं की थोडा अन्याय होतो, पण जीव वाचतात. अरे, कुठले जीव वाचले? मला तो हिशोब तरी दाखवा. ज्याने खबर दिली तो आत आणि ज्याची खबर दिली तो बाहेर, यात कडकपणा कुठे आहे? हा तर नुसता ढिसाळपणा, वर्दी घालून केलेला.

हमीदभाईंचा खटला सोलापूरच्या बोद्दुल वकीलबाई बघत होत्या. पद्मशाली विणकर घरातली बाई, बोलणं तिखट. इथल्या बऱ्याच वकिलांनी या वकीलपत्राला हात लावायला नकार दिला, तेव्हा त्यांनी घेतलं. स्फोटानंतर मी त्यांच्या ऑफिसात गेलो आणि म्हणालो, "मला साक्षीला बोलवा."

त्यांनी चष्मा काढला. "बचावाच्या बाजूनं? पोलीस असून?"

"होतो."

"तुमचं खातं तुम्हाला सोडणार नाही."

"ज्यानं आपलं नाव स्वतः कॅमेऱ्यासमोर ओरडून सांगितलं, ते मी आता कुणापासून लपवू?"

खात्यातून फोन आले. काही समजुतीचे, काही तसे नव्हते. ते अपेक्षित होतं. मैंदर्गीचं अपेक्षित नव्हतं. माझा थोरला भाऊ तिथे शेती करतो, त्याचा मुलगा सैन्यात आहे. मी साक्षीला निघालोय हे त्याच्या कानावर गेलं. मी गेलो तर त्याने आत यायलाही सांगितलं नाही. कट्ट्यावरूनच म्हणाला, "आमचं पोरगं तितं बर्फात हुबं हाय आन तू अतिरेक्याच्या बाजूनं बोलाय चाललास व्हय?"

"दादा, तो अतिरेकी न्हाय. त्यानं अतिरेकी दाखवून दिला."

"मग पोलिसांनी उगंच धरला का त्याला?"

"व्हय. उगंच धरला."

"तू पोलीस हैस ना? मग तू कुनाच्या बाजूचा?"

मी म्हणालो, "तुझ्या पोराच्याच बाजूचा हाय मी. त्याच्या पाठीमागं गावात खबर देनारं कोन न्हाय उरलं तर त्यो तितं हुबा राहून काय करनार?" दादा उठून गोठ्याकडे गेला. त्यानंतर पुष्कळ दिवस आम्ही बोललो नाही. वहिनी फोन करायची, दादा मागे खाकरायचा, तेवढंच.

न्यायालय लांब, थंडीचे दिवस. सरकारी वकील तरुण होता, हुशार होता. त्याने मला विचारलं, "आप मुलज़िम के घर खाना खाते थे?"

"जी. ईद को शीरखुर्मा. बाकी दिन जो बना हो."

"यानी दोस्ती थी."

"थी. दोस्ती नहीं होती तो वो मुझे बताता क्यों?"

न्यायाधीशांनी वर बघितलं. त्यांनी स्वतः विचारलं, खबर दिल्यावर आरोपीने किराएदाराला सावध केलं का? मी म्हणालो, "नहीं साहब. सावधान जीप ने किया." आणि पिंजऱ्यातल्या बाकावर बसलेल्या हमीदभाईंनी मान वर केली. ते इतके वाळले होते की मी आत आल्यावर आधी त्यांना ओळखलंच नव्हतं.

माझ्या साक्षीनंतर न्यायाधीशांनी वर्मांना पुन्हा बोलावलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं व्हरांड्यात समोरासमोर आलो. ते थकलेले दिसत होते. मला म्हणाले, "माने जी, आपने कभी मलबे में से किसी का हाथ उठाया है?"

"नहीं, साहब. और इसके लिए आपको और मुझे हमीदभाई का शुक्रिया अदा करना चाहिए था." माझा आवाज चढला होता, लोक बघत होते. "वो आदमी हमारे यहाँ से आपकी जीप देखकर निकला, और आपके बाज़ार में पहुँचा."

त्यांनी डावा हात खिशात घातला. मग म्हणाले, "आपको लगता है, मुझे नहीं मालूम?"

मला वाटलं, आता हा माणूस आत जाऊन खरं बोलेल. ते आत गेले आणि शब्द न बदलता आधीचीच साक्ष पुन्हा दिली. घरमालकाला सगळं ठाऊक होतं, स्थानिक पोलिसांकडून कोणतीही खबर मिळाली नव्हती. सरळ उभे राहून, हळू आवाजात. इतकी वर्षं मी चोर, दरोडेखोर, दंगलखोर पाहिले. कोणाचा मला इतका राग आला नाही. माहीत नसतं तर मी त्यांना माफ केलं असतं. त्यांना माहीत होतं.

हमीदभाई सुटले. निकालपत्रात शब्द आहेत, पुराव्याअभावी निर्दोष. पुराव्याअभावी! म्हणजे पुरावा कुठेतरी हरवला, नाहीतर होताच. या माणसाने एका शहराला वाचवलं, अशी एक ओळ लिहायला कोणाचं काय गेलं असतं?

ते परत आले तोवर मशिनी विकल्या गेल्या होत्या. शाळांनी कामं बंद केली होती. थोरल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. आता ते दुसऱ्याच्या दुकानात काज-बटणाचं काम करतात, जे पूर्वी रजियाभाभी करायच्या. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला बसायला जागा करून दिली आणि हसून म्हणाले, "आधे लोगां मेरे कू अतिरेकी समझते, आधे बोलते पोलिस का आदमी है. दोनों सलाम नै करते."

मध्यंतरी एका प्रशिक्षण वर्गात मला बोलावलं होतं. वेगवेगळ्या राज्यांतले तरुण अधिकारी, विषय लोकसहभाग. मी ही हकीकत सांगितली. एका मुलाने विचारलं, "सर, लेकिन आतंकी तो था न कमरे में? तो रेड गलत कैसे हुई?" मी उत्तर द्यायच्या आत मागच्या रांगेतली, पूर्वेकडच्या डोंगरी राज्यातली एक मुलगी उठली. म्हणाली, "हमारे यहाँ हर गाँव में एक हमीद है, सर. इसीलिए अब हमें कोई कुछ नहीं बताता." दोघं मग आपसात भांडायला लागले आणि मी पाणी पीत उभा राहिलो. विश्रामगृहातली तीच बैठक, नव्या तोंडांनी. आयोजकांनी वेळ संपल्याचं सांगून मला शाल दिली.

परवा, म्हणजे या उन्हाळ्यात, हमीदभाई काम करतात त्या दुकानावर बसलो होतो. गिऱ्हाईक नव्हतं. समोरून माणसं जात-येत होती. हमीदभाईंनी मशीन थांबवलं, रस्त्याच्या पलीकडे कुठेतरी बघितलं आणि हळूच म्हणाले, "मानेसाब, उधर वो नवी बिल्डिंग है ना, उसमें दो-चार दिन से..."

आणि थांबले.

काय, असं विचारायला मी तोंड उघडलं. आयुष्यभर तोच एक शब्द विचारत आलो. पण मला जीप दिसली, पिंजऱ्यातलं बाक दिसलं, आणि शब्द बाहेर आला नाही. कोणत्या तोंडाने विचारणार होतो? त्याचं पुढे मी काय करणार, कोणाला सांगणार, आणि ते कोणाला पाठवणार?

"नक्को," हमीदभाई म्हणाले. "जाने दो. कुछ नै." त्यांनी मशिनीखाली नवा शर्ट सरकवला आणि मान खाली घातली.

काहीच नसेलही. भाड्याचं भांडण असेल, चोरीची मोटारसायकल असेल. तेव्हापासून काही घडलेलं नाही. पण मी रोज त्या बिल्डिंगवरून जातो, खालून वरपर्यंत खिडक्या बघतो, आणि मला त्यातलं काहीच कळत नाही.